गाडी वळण्यापुरती जागा

करंजडोहच्या ग्रामपंचायतीत मी पाणी सोडायचं काम करतो. ऑफिस उघडणं, झाडणं, नोटिसा वाटणं, मीटिंगला चहा आणणं हेही माझ्याकडंच. अकबरभाई तांबोळी उपसरपंच होते त्या काळातली एकूण एक मीटिंग मी दाराशी उभा राहून ऐकलेली आहे. बाकीचं काही त्यांच्याकडून कळलं, काही त्यांच्या बायकोकडून, रुबिनाभाभींकडून. त्यांच्यावर जे आलं त्यात माझ्याही हातचं थोडं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात. पेठ ओलांडून थोडं पुढं पुणे-नाशिक रस्ता सोडला की चार किलोमीटर आत. गावात मुसलमानांची घरं चारच. अकबरभाईंचं दुकान एसटी स्टँडवर होतं. स्टँड म्हणजे सिमेंटचा एक बाक आणि भोवती सात-आठ टपऱ्या. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचं, म्हणजे आत नवी तार भरायचं, ते दुकान. त्यांच्या वडिलांनी तिथं पत्रे ठोकून सायकली दुरुस्त करायला सुरुवात केली होती, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. पुढं अकबरभाईंनी विटांच्या भिंती घातल्या, तेव्हाही कुणी विचारलं नाही. कुठल्या विहिरीला उन्हाळ्यात किती पाणी राहतं, कुणाच्या बोअरमध्ये मोटार किती फुटांवर सोडलीय, हे त्यांना तोंडपाठ होतं. पन्नाशी उलटलेला, बुटका, हळू बोलणारा माणूस. अंगाला कायम वार्निशचा वास.

ते उपसरपंच झाले ते दोन गटांच्या भांडणातून. सरपंच थेट लोकांतून निवडून आला होता, स्वराज. जागा राखीव होती, त्यात बसणारा आणि शिकलेला तोच. पण त्याची नोकरी चाकणला, राहायला खोली तिकडंच. महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा, सह्या करायचा आणि जायचा. त्यामुळं उपसरपंच कोण, याला महत्त्व आलं. सात सदस्यांत दोन गट. दादाभाऊ नावाचा तरुण सदस्य होता, त्याचा जेसीबी आहे, त्याला ते पद हवं होतं. दुसरा गट त्याला द्यायला तयार नव्हता. शेवटी कुणाच्याच गटात नसलेला माणूस म्हणून अकबरभाईंना बसवलं आणि दीड वर्षानं त्यांनी राजीनामा द्यायचा, मग दादाभाऊ, असं ठरलं.

त्याआधी आमच्याकडं मीटिंग म्हणजे दहा मिनिटांचं काम. कधी कधी तर मीच रजिस्टर घेऊन घरोघर सह्या आणायचो. अकबरभाईंनी ते बंद केलं. सरपंच नसला की त्यांनीच अध्यक्षस्थानी बसायचं, असा नियम आहे. ते बसायचे आणि एकेकाला विचारायचे, तुमच्याकडं काय आहे ते सांगा. पहिल्या वेळी सगळे एकमेकांकडं बघत राहिले. मग हळूहळू सुटले. ज्योतिबा धनगरवाड्याचा सदस्य, अजून दीडशे मेंढरं राखतो. त्याचं म्हणणं, बिबट्या वाड्याला येतोय, खांबावर दिवा नाही, आणि लसीचा डॉक्टर दोन वर्षं फिरकला नाही. सारजाबाईंचं अंगणवाडीच्या पत्र्याबद्दल. दादाभाऊचं त्याच्या आळीतल्या गटाराबद्दल. आणि वरच्या वस्तीच्या कोंडाबाईंचं दर वेळी एकच, एसटी.

महिनाभर अकबरभाई त्या गोष्टी डोक्यात घेऊन फिरायचे. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून मोटारसायकलवर तालुक्याला जायचे, कधी जुन्नरला वनखात्याकडं. पुढच्या मीटिंगला ज्याचं त्याला उत्तर द्यायचे. काय झालं, काय झालं नाही, कोण काय म्हणालं. होण्यासारखं नसेल तर तसंच सांगायचे. ज्योतिबाला त्यांनी सांगितलं होतं की दिवा मी स्वतः लावीन, लसीचं पत्र दिलंय, पण पिंजरा मिळणार नाही, पिंजऱ्यांची मागणी शंभर गावांची आहे. ज्योतिबा चिडला होता. पण पुढच्या मीटिंगला वेळेच्या आधी येऊन बसला. धनगरवाड्यावर दिवा लागला होता.

दीड वर्ष झालं तेव्हा अकबरभाईंनी राजीनामा लिहून आणला. मी पाहिला तो कागद. कोंडाबाई आणि ज्योतिबानं तो देऊ दिला नाही. म्हणाले, तुमी गेलात तर आमी कुणाला इचारायचं. अकबरभाई भिडस्त. त्यांनी कागद परत खिशात घातला. दादाभाऊ त्या दिवशी चहा न घेता गेला. मला वाटतं, त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. शब्द दिला होता.

आता एसटीचं. करोनाच्या आधी सकाळी सहाला एक गाडी यायची आणि संध्याकाळी एक. करोनात बंद झाली, पाठोपाठ संप झाला, आणि ती परत आलीच नाही. कोंडाबाईंची नात इंद्रायणी. बाप दारू पितो, आई नाही, आजीनंच वाढवलेली. दहावीला तिला ब्याऐंशी टक्के पडले आणि मंचरला अकरावीला प्रवेश मिळाला. हायवेपर्यंत चार किलोमीटर दोन्ही बाजूंनी ऊस. त्या उसातून त्याआधीच्या हिवाळ्यात एका बाईला बिबट्यानं ओढलं होतं. बाप म्हणाला, गाडी असेल तर जा, नाहीतर घरी बस.

अकबरभाई डेपोत खेटे घालू लागले. तिथल्या साहेबांनी एकदा त्यांना नीट बसवून सांगितलं. तुमच्या स्टँडवर गाडी वळत नाही. पूर्वीची गाडी लहान होती, आताची लांब आहे. मागं घेताना ड्रायव्हरनं कुणाला चिरडलं तर जबाबदारी कुणाची. वळायला जागा मोकळी करा, तसा ग्रामपंचायतीचा कागद द्या, मी एक फेरी सुरू करतो.

जूनच्या मीटिंगमध्ये अकबरभाईंनी हे जसंच्या तसं सांगितलं. स्टँडवरच्या टपऱ्या कुणाच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. दोन सदस्यांच्या भावकीच्या, एक दादाभाऊच्या मेव्हण्याची. आणि वळणाच्या बरोबर तोंडावर, सगळ्यात पुढं आलेलं बांधकाम अकबरभाईंचं.

दादाभाऊ म्हणाला, "मग अतिक्रमणं काढावी लागतील. आणि पहिलं तुमचंच."

त्यानं ते रागानं म्हटलं नव्हतं. खरं होतं तेच म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले. "पहिलं माझंच."

कोंडाबाई खाली मान घालून बसल्या होत्या. मीटिंग संपल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, अकबरभाऊ, मी आसं कराया न्हाई सांगितलं. ते म्हणाले, तुमी न्हाईच सांगितलं.

रुबिनाभाभींनी घरी दोन दिवस चूल पेटवली नाही, म्हणजे गॅस. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चार घरं आहोत आपण. दुकान आहे म्हणून गावात आपल्याला विचारतात. दुकान घालवून आणलेली गाडी चार दिवस लक्षात राहील. कब्रस्तानाच्या कुंपणाचा विषय आजवर एकदाही मीटिंगमध्ये काढला नाहीस, का तर खुर्चीवर बसून आपल्याच घरचं कसं मागायचं, आणि दुसऱ्यांच्या पोरीसाठी भिंत पाडतोस. मुलगा अरहम भोसरीला वर्कशॉपमध्ये आहे, त्यानंही फोनवर नको म्हणून सांगितलं. अकबरभाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. पण मीटिंगमध्ये शब्द गेला होता.

आषाढ लागता लागता एका सोमवारी दोन गवंडी लावून त्यांनी भिंती उतरवल्या. आधी सामान घरी नेलं. तारांची बंडलं, वार्निशचे डबे, लोकांच्या उघडून ठेवलेल्या सहा मोटारी. मी हातगाडी ढकलायला होतो. दुपारपर्यंत नुसतं जोतं राहिलं, तेही संध्याकाळी दादाभाऊच्या जेसीबीनं उकरलं. बाकीच्या टपऱ्या कुणी काढल्या नाहीत. अकबरभाईंची गेल्यावर गाडी वळण्यापुरती जागा होत होती, मग बाकीच्यांनी कशाला काढायच्या.

डेपोला कागद हवा होता. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, पंचनामा लिहिला. त्यात लिहिलं होतं की अकबर हुसेन तांबोळी यांनी सरकारी जागेवरील आपले अतिक्रमण स्वखुशीने काढून घेतले असून रस्ता मोकळा झाला आहे. खाली अकबरभाईंची सही. पंच म्हणून ज्योतिबाचा अंगठा आणि माझी सही. त्या वेळी कुणाच्याच मनात काही आलं नाही. भाऊसाहेबांच्याही नाही, असं ते नंतर म्हणाले. मी त्यावर विश्वास ठेवतो.

गाडी आली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. ज्योतिबानं नारळ फोडला. ड्रायव्हर मूळचा लातूरकडचा होता, त्यानं एका दमात गाडी वळवली. त्या दिवशी वस्त्यांवरच्या नऊ पोरी गेल्या. इंद्रायणीनं नवा पास गळ्यात घातला होता. अकबरभाई बाकावर बसून होते. गाडी गेल्यावर मला म्हणाले, चल जानकू, वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय, बघू.

एकोणीस दिवस गाडी नीट आली. मग श्रावण लागला. श्रावणात भीमाशंकरला जादा गाड्या सोडतात, सगळीकडून गाड्या काढून तिकडं लावतात. आमची फेरी तात्पुरती बंद, असं सांगितलं. अकबरभाईंनी ऑगस्टच्या मीटिंगला तसंच उत्तर दिलं, श्रावण संपला की येईल. श्रावण संपला. गणपतीला गाड्या कोकणात गेल्या. मग कळलं की डेपोतल्या दोन जुन्या गाड्या भंगारात काढल्यात आणि नव्या आलेल्या नाहीत. साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी जुना कागद बघितला, बरोबर आहे म्हणाले, पण गाडी कुठून आणू ते तुम्ही सांगा.

इंद्रायणी श्रावणात पंधरा दिवस बापाच्या मागं लागून कुणाकुणाच्या मोटारसायकलवर गेली. मग बापानं तेही बंद केलं. आता सकाळी सहाला स्टँडवर एक पिकअप येतं. नारायणगावच्या बाजूला टोमॅटो तोडायला बायका नेतं. त्या मोकळ्या जागेत ते झोकात वळतं. भादव्यापासून इंद्रायणीही त्यात बसून तोडणीला जाते.

त्याच सुमाराला एक दिवस दादाभाऊ ऑफिसात आला. भाऊसाहेब तालुक्याला गेले होते. त्यानं मला पंचनाम्याची झेरॉक्स मागितली. म्हणाला, डेपोला परत पाठपुरावा करायचाय. मी फाईल काढली, पेठला जाऊन झेरॉक्स आणून दिली. संशय आला होता का, असं मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणू शकत नाही. पण उद्या तो उपसरपंच झाला तर माझं काम त्याच्या हातात, हेही माझ्या डोक्यात होतं.

कायद्यात असं आहे की सरकारी जागेवर अतिक्रमण केलेला माणूस ग्रामपंचायतीचा सदस्य राहू शकत नाही. दादाभाऊनं पुण्याला कलेक्टरकडं अर्ज केला, आता काढलं तरी निवडून आले तेव्हा अतिक्रमण होतंच म्हणून. पुरावा म्हणून तोच पंचनामा जोडला, अकबरभाईंच्या सहीचा, माझ्या सहीचा. बाकीच्या टपऱ्यांचा कुठं कागदच नव्हता, त्यामुळं त्या कुणाचं काही अडलं नाही. नोटीस मीच नेऊन दिली. अकबरभाई घराच्या ओट्यावर एक मोटार उघडून बसले होते. हात पुसून त्यांनी कागद घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "सही तर माझीच हाय." मला तेव्हा झेरॉक्सचं सांगायचं होतं. मी पोचपावतीवर सही घेतली आणि निघालो.

त्यानंतरची मीटिंग मला सगळ्यात जास्त आठवते. सगळ्यांना अर्जाचं माहीत होतं. दादाभाऊ समोरच बसला होता. मला वाटलं होतं अकबरभाई येणार नाहीत, आले तर भांडतील. ते आले, बसले, आणि नेहमीसारखं एकेकाला विचारू लागले. सारजाबाईंनी अंगणवाडीचं विचारलं. त्यांनी पत्र्याचं काम कुठं अडलंय ते सांगितलं. ज्योतिबानं विचारलं नाही, तर त्यांनीच आठवण करून दिली आणि लसीची तारीख दिली. दादाभाऊच्या गटाराचंही उत्तर दिलं, सिमेंटचे पाइप आलेत, पुढच्या आठवड्यात टाकू म्हणून. दादाभाऊनं मान हलवली.

मग कोंडाबाईंची पाळी. त्या म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ द्या आज."

अकबरभाई म्हणाले, "न्हाई कोंडाबाई, सांगून टाकतो. यष्टी येणार न्हाई. मी लई फिरलो. आता येणार न्हाई ती. तुमी वाट बघू नका आन् पोरीलाबी बघू देऊ नका."

कोंडाबाईंनी पदराचं टोक हातात घट्ट धरलं होतं. "बरं," एवढंच म्हणाल्या. भाऊसाहेबांनी रजिस्टरमध्ये काय लिहायचं म्हणून विचारलं, तर अकबरभाई म्हणाले, हेच लिहा. पण पुढं मी रजिस्टर पाहिलं तेव्हा तिथं पाठपुरावा सुरू आहे, असं लिहिलेलं होतं.

पुण्याला सुनावणीच्या तीन तारखा झाल्या. वकिलानं त्यांना समजावलं होतं की दुकान वडिलांचं होतं म्हणा, पंचनाम्यात काय लिहिलंय ते वाचून न घेता सही केली म्हणा, थोडं लांबवता येईल. तिसऱ्या तारखेला ज्योतिबा त्यांच्यासोबत गेला होता, त्यानं मला सांगितलं. साहेबांनी विचारलं, बांधकाम कुणी केलं. अकबरभाई म्हणाले, मी. जागा सरकारी आहे हे माहीत होतं का. म्हणाले, गावात सगळ्यांनाच माहीत होतं. वकील कपाळाला हात लावून बाहेर गेला. ज्योतिबा म्हणाला, येताना बसमध्ये ते सारखं तेच विचारत होते, ज्योतिबा, मी दुसरं काय म्हणायला पाहिजे व्हतं.

फाल्गुनात आदेश आला. सदस्यत्व रद्द. त्याच महिन्यात दादाभाऊ उपसरपंच झाला. सरपंच स्वराजनं अकबरभाईंना चाकणवरून फोन केला होता, वाईट वाटलं म्हणाला. त्याला खरंच वाटलं असेल. पण त्यानंतर तो गावात येईना.

अकबरभाईंचं घर ज्या आळीत आहे तिथं मोटार घेऊन टेंपो आत जात नाही. सबमर्सिबल मोटार खांद्यावर कोण आणणार. लोकांनी दोन-चार महिने लाज राखली, मग पेठच्या दुकानात मोटारी न्यायला लागले. आता अकबरभाई स्वतःच तिथं कामाला जातात, दुसऱ्याच्या दुकानात. गावातल्या मोटारी तिकडंही त्यांच्याच हातात येतात, असं रुबिनाभाभी म्हणाल्या. ते कुणाची मोटार आहे ते न विचारता भरून देतात.

गेल्या महिन्यात ज्योतिबाची अकरा मेंढरं एका झपाट्यात गेली. वाड्याची जाळी फाडून बिबट्या आत शिरला होता. पंचनाम्याला कुणी आलं नाही, दादाभाऊ फोन उचलेना. ज्योतिबा सवयीनं अकबरभाईंच्या घरी गेला. मी तिथंच होतो, वायर मागायला गेलेलो. ज्योतिबानं सगळं सांगितलं, मेंढरं कुठल्या कोपऱ्यात होती, कुत्रं कसं भुंकलंच नाही. अकबरभाईंनी पूर्वीसारखं सगळं ऐकून घेतलं.

शेवटी म्हणाले, "मी आता कुणी न्हाई, ज्योतिबा."

ज्योतिबा म्हणाला, ते ठावं हाय मला. रुबिनाभाभींनी चहा आणला. तो त्यानं घेतला आणि उठून गेला. त्याच वेळी मी अकबरभाईंना झेरॉक्सचं सांगून टाकलं. त्यांना ते आधीपासूनच माहीत होतं. त्यांनी वायरीचं बंडल काढलं, मला हवी तेवढी तोडून दिली आणि आत गेले. त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मला कळलेलं नाही.

त्यांच्या वॉर्डातल्या रिकाम्या जागेसाठी पोटनिवडणूक लागली होती. एकही अर्ज आला नाही. मीटिंगा परत पहिल्यासारख्या होतात, रजिस्टर घेऊन मी घरोघर जातो. कोंडाबाई सही करताना काय ठराव आहे ते विचारत नाहीत.

रोज सकाळी आठला अकबरभाई मोटारसायकलवर पेठकडं जातात, तेव्हा मी खालच्या व्हॉल्व्हपाशी असतो. ते हात वर करतात आणि पुढं जातात. आज चौथा दिवस आहे, खालच्या वस्तीला पाणी नाही, लाइन कुठंतरी फुटलीय. ती कुठं फुटली असेल हे त्यांना एका मिनिटात कळेल. मी त्यांना थांबवलं नाही.